आबांनी न धुतलेला गालिचा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. पलीकडून पुतण्या दत्ता म्हणाला, "काकी, आबा गेले. चहा घ्यायला उठले, म्हणले जरा पडतो, आन् पडले ते पडलेच." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. 'बरं' कसं म्हणाले मी... पण खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. रडू मागाहून आलं. माझी ती गोष्ट जाणणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, हा पहिला विचार मनात आला. आणि लगेच दुसरा, की ज्यांची माफी मागायची होती तेही आता उरले नव्हते. अर्धी घडी घातलेला यांचा शर्ट हातात धरून मी पलंगावर कितीतरी वेळ बसून राहिले.

आबा म्हणजे माझे थोरले दीर. भांडगावात, आमच्या पाहुण्यारावळ्यांत त्यांचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक, तरुणपणी त्यांनी नुसत्या काठीनं लांडगा हुसकून लावला होता. आणि दुसरी, त्यांनी कंपनीच्या मॅडमचा रेशमी गालिचा घोंगड्यासारखा धुऊन त्याचं वाटोळं केलं होतं. पहिली खरी आहे. दुसरी खोटी आहे. तो गालिचा आबांनी धुतला नव्हता, मी धुतला होता. आठ वर्षं ही गोष्ट माझ्या पोटात आहे, आणि आज ती लिहितानाही मी दोनदा उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते बघून आले. मी मुळातच भित्री. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील रेल्वेत. इंजिनाच्या शिट्टीला भ्यायची नाही, पण माणसांच्या डोळ्यांना भ्यायची.

लग्न होऊन भांडगावात आले तेव्हा आबांनी मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, वाडा-बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोकणात उतरणं थांबलं. पण आबांच्या हातातून लोकर गेली नव्हती. घोंगडी विणणारे वेगळे, ते काम आमचं नव्हे. पण विणून आलेल्या घोंगडीची निगा राखावी ती आबांनीच. कसर कुठं लागते, ऊन कोणत्या महिन्यात दाखवायचं, धुतल्यावर चिंचोक्याची खळ किती द्यायची, म्हणजे घोंगडी ताठ राहते आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही... हे विचारायला पाटसपासून माणसं यायची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून पाट्यावर वाटायचे आणि शिजवून खळ करायची. मग धुतलेली घोंगडी अंगणात चारी कोपऱ्यांना खुंट्या मारून ताणायची आणि कुंच्यानं खळ फिरवायची. मी डोक्यावर पदर घेऊन लांबून बघायचे. थोरल्या दिराशी मोकळेपणानं बोलायची रीत आमच्याकडं नव्हती, त्यामुळे विचारलं कधी नाही. लांबून बघून मला सगळं येतं असं मात्र वाटायला लागलं.

शिरूरला यायच्या आधी आम्ही दोघं कारेगावात दोन खोल्या घेऊन राहायचो, हे रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. सहा वर्षं टेंपररी. दर दिवाळीला 'आता परमनंटचं लेटर निघणार' अशी हवा उठायची आणि विरून जायची. त्या कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या बायकोला मराठी शिकायची हौस होती. मी बारावी झालेली, तिथल्या बायकांत जरा वाचणारी, म्हणून मला बोलावणं आलं. आठवड्यातून तीनदा मी बंगल्यावर जायचे. मॅडम उत्तरेकडच्या, स्वभावानं फार गोड. त्यांची आई त्या हिवाळ्यात त्यांच्याकडं येऊन राहिली होती आणि तिला लेकीसाठी रेशमी गालिचा घ्यायचा होता. एक काश्मिरी विक्रेता गाठोडी घेऊन येऊन गेला, दोन गालिचे ठेवून गेला, दोन दिवसांनी परत येतो म्हणाला. दोन्ही सारखेच चमकणारे. मायलेकी गोंधळल्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, माझे दीर सांगतील. मॅडमना वाटलं असेल कुणी दुकानदार आहेत. आबा आले ते धोतर, पागोटं आणि खांद्यावर घोंगडी घेऊन, न्हावरा मार्गे तीन एसट्या बदलून. माझाच जीव धाकधूक करायला लागला, की आता हे काय बोलतात आणि आपली किती शोभा होते.

आबांनी चपला बंगल्याच्या फाटकापाशीच काढल्या. गालिच्यावर पाय दिला नाही, कडेनं भिंतीला धरून गेले. आधी दोन्ही गालिचे उलटे केले आणि पाठीवरच्या गाठी बोटाच्या पेरानं मोजल्यासारख्या बघितल्या. मग सुलटे करून तळहात फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. शेवटी दोन्हींच्या झालरीतला एक-एक धागा मागितला आणि काडी ओढली. मॅडमच्या आईनं तोंडाला पदर लावला. आबांनी दोन्ही धाग्यांचा वास घेतला, राख चिमटीत चुरली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्यो लाल हाय ना, ह्ये जिवातनं निघालंय. क्यास जळल्यावानी वास हाय, राख बी चुरती. त्यो निळा झाडातनं निघालाय, कागद जळावा तसा जळला. चमक दोन वरसं राहील त्याची." लाल खरं रेशीम, निळा नकली, असं मी हिंदीत सांगितलं. मॅडमची आई उठली, आबांच्या समोर येऊन तिनं हात जोडले. दोघं एकमेकांच्या भाषेत काही बोलले नाहीत, पण चहा होईपर्यंत ती म्हातारी त्यांना गालिच्यावरची एक-एक वेल दाखवत होती आणि आबा "व्हय, व्हय" करत होते. गालिच्याच्या ह्या बाजूला उभं राहिलं की रंग गडद दिसतो आणि त्या बाजूला गेलं की फिका, हे आबांनी तिला हाताला धरून दाखवलं. लाल गालिचा घेतला गेला, चार बाय सहाचा, साईच्या रंगाची किनार. ती म्हातारी पुढच्या पावसाळ्यात गेली. लेकीसाठी तिनं घेतलेली ती शेवटची वस्तू.

मग साहेबांना सात-आठ महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. बंगला रिकामा करायचा होता, सामान गोदामात जाणार होतं. मॅडमना गालिचा गोदामात ठेवायचा नव्हता. त्या म्हणाल्या, "मंदा, बाबाजी के पास रख दूँ? उनसे अच्छा कौन सँभालेगा?" मला नाही म्हणता आलं नाही. साहेबांची बायको, आणि यांचं लेटर साहेबांच्या टेबलावर. मॅडमनी नियम सांगितले, मी वहीत लिहून घेतले. घडी घालायची नाही, गुंडाळायचा. प्लॅस्टिकमध्ये ठेवायचा नाही, आत घाम धरतो. ऊन नाही, पाणी तर नाहीच. काही सांडलं तर पांढऱ्या कोरड्या कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. मी वही आबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "पाण्याचं पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं.

आबांनी गालिचा जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून, बांबूला लावून आपल्या खोलीच्या आढ्याला दोन दोरांनी टांगला, उंदीर पोचू नयेत म्हणून. पुरचुंडीत वेखंड आणि वाळलेला कडुलिंब बांधून शेजारी लटकावला, पण गालिच्याला टेकू दिला नाही, रंगाला काय होईल सांगता येत नाही म्हणून. महिन्यातून एकदा तो खाली घ्यायचा, सावलीत बाजेवर उलगडायचा, पाठीवरून हलकी थाप मारायची, लव ज्या दिशेला झुकते त्याच दिशेनं हात फिरवायचा आणि दुसऱ्या टोकाकडून गुंडाळून परत टांगायचा. दत्ताची पोरं जवळ आली तर म्हणायचे, "लांब व्हा, पाव्हणं हाय ते." मीही त्या गालिच्याला भीत होते. भांडगावात गेले की आधी आबांच्या खोलीत डोकावून तो जागेवर आहे ना ते बघायचे, मग चूल.

संक्रांत झाली. शिरूरला आबांची लेक शकू बाळंत झाली आणि आबा आणि आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, नातीला बघायला गेले. दत्ता कुटुंबाला घेऊन सासुरवाडीला गेला होता. घराला आणि म्हशीला कुणी तरी हवं, म्हणून मी भांडगावात आठवडाभर राहिले. यांची कारेगावात शिफ्ट. माझं हळदीकुंकू राहिलं होतं. म्हटलं, इथंच करू, आळीतल्या सात-आठ जणी बोलावू. आणि मला दुर्बुद्धी झाली. मी गालिचा खाली काढला. तासाभरासाठी, असं मनाशी म्हणाले. बायका आल्या, कडेकडेनं बसल्या, मॅडमचा गालिचा म्हणून हात लावून बघितला, वाण घेऊन गेल्या. इतका वेळ काही झालं नाही. सगळ्या गेल्यावर मी तबक उचललं, पायात पदर अडकला, आणि हळदीचा करंडा किनारीवर पालथा झाला. त्याच्या मागून गुलाबदाणीतलं पाणी.

कोरड्या कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. वही पिशवीतच होती. पण त्या वेळी मला वही आठवली नाही, मला साहेबांचं टेबल आठवलं. मी साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे कुठल्याही बाईला माहीत असतं, आणि ते मला साबण चोळून झाल्यावर आठवलं. साईच्या किनारीवर रक्त सांडल्यासारखा डाग पसरला. मग मी गालिचा मागच्या परड्यात ओढत नेला आणि बादलीवर बादली पाणी ओतलं. साबण गेला, डाग फिका झाला, पण आता गालिच्याचा मूळचा लाल रंग किनारीत उतरायला लागला. रात्रभर तो दगडावर निथळत होता आणि मी दिवा न लावता उंबऱ्यावर बसून होते, बाहेर कुणाची चाहूल लागली की श्वास धरून. हळद उन्हात उडते हे मला ठाऊक होतं, म्हणून सकाळी उन्हात टाकला. हळद उडाली. पण दुपारी बघते तर लव चिकटून मेलेली, चमक गेलेली, कापड नुसतं लुळं. आणि तेव्हा मला वाटलं की आता ह्याला खळ द्यायला हवी. धुतल्यावर आबा घोंगडीला देतात तशी. ताठ झाला की पहिल्यासारखा होईल.

हे वाचणाऱ्याला हसू येईल. मला आजही येत नाही. मी फडताळातले चिंचोके भाजले, वाटले, आक्कांच्या गाडग्यात खळ शिजवली, चार खुंट्या मारून गालिचा ताणला आणि कुंच्यानं त्याच्यावर खळ ओढली. संध्याकाळपर्यंत तो पापडासारखा कडक झाला. बोटानं टकटक केलं तर वाजत होता.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच आले. आक्का लेकीजवळ सव्वा महिना राहणार होत्या. ते परड्यात आले आणि उभे राहिले. मी भिंतीला चिकटून उभी. वाटलं, आता काठी घेतील. त्यांनी खाली बसून गालिच्याचा कोपरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "पानी लावलंस?" मी मान हलवली. "साबण?" मान हलवली. "आन् वर खळ." पुढं ते काही विचारायचे थांबले. माझ्याकडं बघितलं असणार, कारण म्हणाले, "आधी तू दोन घास खा. तोंड बघ कसं झालंय." मी रडत "लेटर... यांचं लेटर" एवढंच म्हणू शकले. ते म्हणाले, "म्हाईत हाय मला."

दत्ता अजून सासुरवाडीलाच होता. तीन दिवस आबांनी त्या गालिच्याशिवाय दुसरं काम केलं नाही. खुंट्या काढून तो आतल्या खोलीत तिरप्या बाजेवर पसरला, दार-खिडकी लावून घेतली. कोमट पाण्यात मऊ धडपा भिजवून, पिळून, एकाच दिशेनं वीत-वीत जागा ओली करायची, खळ सुटली की कोरड्या धडप्यानं ती टिपून घ्यायची. पाणी बदलून मी देत होते. वाकून वाकून त्यांची कंबर धरली, पण रंग पुढं सरकू नये म्हणून एकेका वेलीपाशी ते अर्धा-अर्धा तास थांबत. तिसऱ्या दिवशी सगळी खळ निघाली. मग तळहातानं लव उचलत बसले. बराचसा गालिचा खरंच परत आला, वळला की रंग बदलायला लागला. फक्त एका कोपऱ्यात, दोन हात लांब, लाल रंग किनारीत कायमचा मुरला होता आणि चमक गेली होती. आबा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "कोपरा गेला. बाकीचं जित्तं हाय." असं काम मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाचं बघितलं नाही. आणि त्याच कामासाठी जगानं त्यांना हसावं याची सोय मी केली.

रविवारी हे आले. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून आबांचा आवाज आला, "हळद सांडली व्हती गालिच्यावर, मी धुयाला गेलो, बिघडलं." हे ओरडले. थोरल्या भावावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आबा, तुम्हांला पाणी लावू नका म्हणून सांगितलं व्हतं ना! माझ्या नोकरीचा इचार केला का?" आबा म्हणाले, "चुकलं." मी तेव्हा बाहेर जायला हवं होतं. उंबऱ्यापर्यंत गेले होते. तिथून परत फिरले आणि भाकरी थापायला लागले.

मॅडम उन्हाळ्यात आल्या, कंपनीच्या गाडीतून, पेढे घेऊन. मधले महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कारेगावात फाटकाचा आवाज झाला तरी दचकायचे, यांनी जरा उशीर केला तर वाटायचं आज काढून टाकलं. आबांनी गालिचा बाजेवर उलगडला आणि तो कोपरा स्वतःच वर काढून ठेवला, लपवला नाही. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. आबा हात जोडून म्हणाले, "बाई, माज्याकडनं झालं. मी मेंढक्या मानूस, घोंगड्यावानी धुतलं." ते मला हिंदीत सांगावं लागलं. माझ्याच तोंडानं मी सांगितलं, "इनसे हो गया, मॅडम." मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाजेच्या कडेवर बसून आईची आठवण काढून रडल्या, मग डोळे पुसून ड्रायव्हरला हळूच म्हणाल्या, "गलती मेरी ही है। भेड़-बकरी वालों के घर रेशम रख दिया।" त्यांना वाटलं आबांना कळत नाही. गुऱ्हाळावरच्या भय्या लोकांशी आबा वर्षानुवर्षं हिंदी बोलत होते. त्यांनी गालिचा गुंडाळला, गाडीपर्यंत खांद्यावर नेऊन मागच्या सीटवर नीट आडवा ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दबाना मत इसको."

पावसाळा संपता संपता यांचं लेटर आलं. त्याचा गालिच्याशी काही संबंध नव्हता, एकदम चाळीस जणांची लेटरं निघाली होती. इतके महिने मी ज्याला भीत होते ते मुळात नव्हतंच. पण तोवर नवी भीती तयार झाली होती. हे आबांशी बोलत नव्हते. भांडगावात गेले तरी ओसरीवर पाहुण्यासारखे बसायचे, आक्कांनी दिलेला चहा घ्यायचे, आबांनी पुढं केलेला पेला घ्यायचे नाहीत. आठ महिने असं चाललं. मग शकूच्या लेकीच्या बारशाचं राहिलेलं जेवण केलं त्यात दोघं एका पंगतीत बसले आणि आपोआप मिटलं. म्हटलं, मिटलं ना, मग आता कशाला उकरायचं... जितके दिवस जात होते तितकी सांगायची गोष्ट जड होत होती.

हायवेवरच्या चहाच्या टपरीवर मात्र ती गोष्ट हलकी होऊन फिरत राहिली. "रेशीम धुयाचं आसंल तर आबांकडं द्या!" आबाही हसायचे. एकदा मी ओसरीवर निवडत बसले होते. पाटसकडची एक म्हातारी घोंगडी काखेत मारून आली. खळ द्यायची होती. पायरीवर थांबून म्हणाली, "तुमीच का ते, बाईचा गालिचा धुतलेलं?" आबा म्हणाले, "व्हय, मीच." ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग, लेकीचं हाय ह्ये," आणि फाटकातून परत गेली. आबा तिच्या पाठीकडं बघत राहिले. मी खाली मान घालून हरभऱ्यातले खडे काढत होते. मी तिथून चार हातांवर होते. नंतर कुणी फारसं आलंच नाही. लोक म्हणतील आता घोंगड्याच कोण वापरतं, चादरी आल्या, ब्लँकेटं आली. तेही खरं असेल. मला ती म्हातारी दिसते.

दहाव्याला भीमेच्या काठावर सगळे जमले होते. विधी उरकल्यावर झाडाखाली बसून आबांच्या आठवणी निघाल्या. लांडग्याची निघाली. मग शकूचा नवरा प्रेमानं, डोळे पुसत पुसत म्हणाला, "मामांना सगळं कळत व्हतं, फकस्त रेशीम कळलं न्हाई." सगळे रडता रडता हसले. हेही हसले. मी त्यांच्या शेजारी होते, तोंड उघडलं, आणि तोंडातून हुंदका निघाला. सगळ्यांना वाटलं दिरासाठी रडते आहे.

मागच्या आठवड्यात मात्र मला राहवेना. मी एकटीच भांडगावला गेले. आक्का चुलीपुढं होत्या. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "आक्का, तो गालिचा मी धुतला व्हता." त्यांनी लाकूड पुढं सारलं. म्हणाल्या, "म्हाईत हाय." आबांनी सांगितलं का, असं विचारलं. "त्ये कशाला सांगत्यात? मी शिरूरास्नं आले तवा माज्या गाडग्याच्या बुडाला खळ वाळून बसली व्हती, खरवडून निघंना. चाळीस वरसं त्यांच्या हातची खळ बघितली मी. ताकावानी पातळ आसायची. एवढी दाट खळ त्यांनी उभ्या जल्मात केली न्हाई."

मग तुम्ही का बोलला नाहीत, मी विचारलं. आक्कांनी चुलीतले निखारे मागं ओढले. "मी म्हणले व्हते, सांगू का धाकट्याला. तर म्हणले, नगं, तीच सांगंल. तिचं तिला सांगू दे. वरीस-दोन वरीस वाट बघितली त्यांनी. तू आलीस की मला काय तरी काम काढून भाईर धाडायचे, तुला बोलाया मोकळं व्हावं म्हणून. मग एक डाव मीच इचारलं, काय वो, सांगितलं का मंदानं? तर म्हणले, न्हाई. भित्री हाय ती, आसू दे."

'भित्री हाय ती, आसू दे.' मला वाटत होतं आबांनी माझं गुपित राखलं. त्यांनी माझी वाट बघितली होती. शेवटी नाद सोडला, पण माझ्यावर राग धरला नाही. त्यांनी रागवावं असं मला आत्ता फार वाटतं आहे, आणि ते आता होणार नाही. आक्कांनी माझे डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ज्यानं आठ म्हैने त्यांचा चहा घेतला न्हाई, त्याला सांग."

आज सकाळी हा लेख इथपर्यंत लिहून मी यांना वाचायला दिला. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, तेवढी भित्री मी अजून आहेच. यांनी चष्मा लावला, सावकाश वाचला, एक पान मागं जाऊन पुन्हा वाचलं. मी न्हाणीघराच्या दाराला धरून उभी होते. त्यांनी कागद टेबलावर ठेवले, चष्मा त्यांच्यावर ठेवला, चपला पायात घातल्या आणि निघून गेले. कुठं चाललात, हेही मला विचारता आलं नाही. दुपारी आक्कांचा फोन आला, "आलाय हितं. आबांच्या बाजेवर बसलाय भिताडाकडं तोंड करून. चहा दिला तर म्हणला, आबांच्या पेल्यात दे. तू बी ये."

न्हावऱ्याची एसटी साडेतीनला आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. त्यांच्यासमोर गेल्यावर काय होईल ते मला माहीत नाही, आणि भीती वाटते आहे, गालिच्याची वाटायची त्याहून जास्त. जाते.